परेरासाहेबांची वखार

आता जिथं तिकीट काढून आत जावं लागतं, तिथं मी परकराला हात पुसत वाढले. दमणगंगेच्या काठी विटांची ती लांबलचक इमारत अजून उभी आहे. तिला आता गेरूचा रंग दिला आहे, पुढं हिरवळ केली आहे, दिव्यांचे नक्षीदार खांब लावले आहेत आणि दाराशी काळ्या दगडाची पाटी बसवली आहे. पाटी सांगते, की ही वखार परेरा नावाच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यानं बांधली, दमणच्या बंदरातून निघालेली गलबतं नदीतून वर येऊन इथं लागत आणि माल उतरवत. ही पाटी वाचली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. दर वेळी ठरवते, आज वाचायची नाही. आणि दर वेळी वाचते. वयाबरोबर शहाणपण येतं म्हणतात. मला चष्मा आला.

खरी गोष्ट अशी, की ती गवताची वखार होती. दुसरं काही नाही, गवताची. पावसाळा सरून रान पिवळं पडलं की सुरंगीकडून आणि त्याच्याही पलीकडच्या डोंगरांतून गाड्याच्या गाड्या गवत येई. नदीला जिथं उतार असे तिथून त्या गाड्या अलीकडे आणत, वखारीत लाकडी प्रेसमध्ये गवत दाबून त्याच्या गासड्या बांधत आणि त्या गासड्या रेल्वेनं मुंबईच्या तबेल्यांत जात. मुंबईत तेव्हा घोडे होते, म्हशी होत्या, आणि दोघांनाही खायला लागे. इमारत नदीकाठी बांधली ती गलबतांसाठी नव्हे, आगीच्या भीतीनं. ओलसर गवत दाबून ठेवलं की आतून तापतं आणि केव्हा पेट घेईल सांगता येत नाही. पाणी हाताशी असलेलं बरं. गलबतांचं म्हणाल तर त्याच जागी उन्हाळ्यात आम्ही पोरी परकर खोचून पलीकडे जायचो आणि करवंदं घेऊन यायचो. तिथं गलबत आणायचं तर डोक्यावर घेऊनच आणावं लागलं असतं. पुढं मुंबईतले घोडे गेले, गवताचा धंदा बसला, वखार रिकामी पडली. मालक शेठजी राहायला वापीला. त्यांनी काही वर्षं तिच्यात मीठ भरलं, मग खताची पोती भरली, आणि तेही जमेना तेव्हा माणसं भरली. ती माणसं म्हणजे आम्ही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पारोळ्याकडच्या एका खेड्यातून धाग्याच्या कंपनीत फिटर म्हणून सिल्वासाला आले. तेव्हा इथं कारखाने भराभर उभे राहत होते आणि माणसांना राहायला जागा नव्हती. अण्णांनी शेठजींचं मन कसं वळवलं कोण जाणे, पण अर्धी वखार आम्हाला भाड्यानं मिळाली. अण्णांच्या जिभेवर साखर होती आणि साखरेत भेसळ होती, असं माझी माय म्हणायची. पोत्यांचे पडदे शिवून आम्ही खोल्या केल्या. भिंती पडद्यांच्या असल्या तरी छप्पर मात्र एखाद्या देवळाएवढं उंच, त्यामुळं कुणी शिंकलं तरी ते वर जाऊन, फिरून, परत सगळ्यांना ऐकू यायचं. तुळयांत वटवाघळं होती. संध्याकाळी ती एका रांगेत नदीकडे निघत आणि त्याच सुमाराला कंपनीचा भोंगा होई, म्हणून माझ्या धाकट्या भावाची बरीच वर्षं समजूत होती की वटवाघळंही पाळीवर जातात. भिंतींत वर, अंतरा-अंतरावर हवा खेळायला झरोके ठेवलेले होते. गवंड्यानं मधली एक वीट आणि तिच्या चारी बाजूंची एकेक वीट गाळून ते केलेले, त्यामुळं प्रत्येक झरोका अधिकच्या चिन्हासारखा दिसे. दुपारी त्यांतून ऊन आत येई आणि जमिनीवर अधिकची चिन्हं पडत. मी त्यांच्यावर उभी राहून बेरजा करायची. हे झरोके लक्षात ठेवा, सगळा घात त्यांनीच केला.

माय आधी फक्त आमच्यापुरतं रांधायची. मग अण्णांच्या पाळीतले गावाकडचे दोघं जेवायला यायला लागले, मग त्यांचे मावसभाऊ, मग त्या मावसभावांच्या खोलीतली पोरं. धुळ्याची, शिरपूरची, चोपड्याची. सगळी घरच्या जेवणाला आचवलेली. हां हां म्हणता वखारीच्या उरलेल्या अर्ध्या भागात पंगती बसायला लागल्या आणि मायची खाणावळ झाली. शेवभाजी, डाळगंडोरी, वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी आणि गुरुवारी खिचडी-कढी. जो-तो आपलं ताट घरून घेऊन यायचा, ताटावर टिकल्यांनी कोरलेलं नाव असायचं, बहुधा आईचं किंवा मामाचं, आणि ती ताटं आम्ही भिंतीला टांगून ठेवायचो. जेवणाच्या वेळी मी ताटं उतरवायची आणि नावं वाचून हाक मारायची. ‘सीताबाई दगडू’ म्हटलं की एक मिशीवाला गडी उठायचा. त्यावर रोज हशा व्हायचा आणि रोज तोच विनोद असूनही कुणाला कंटाळा यायचा नाही.

मायच्या सगळ्या रांधण्याचा जीव होता तो तिच्या काळ्या मसाल्यात, आणि मसाला होता उखळात. अण्णांनी नदीतून एक चांगला दगड आणून, पाथरवटाकडून कोरवून, तो वखारीच्या जमिनीतच पक्का बसवून दिला होता. एका बाजूनं माय आणि दुसऱ्या बाजूनं लखमीमावशी अशा त्या कुटायला बसत. मिरच्यांचा खाट उठला की पलीकडच्या काठावर कपडे धुणाऱ्या बायकासुद्धा शिंकत. तो ठोका, एकीचा जड आणि दुसरीचा हलका, मला आजही कुठं बांधकाम चाललेलं असलं की आठवतो.

लखमीमावशी वारली जमातीची, साठीच्या पुढची. भाकऱ्या थापायला यायची. तिच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती, तरी तिची भाकरी मायपेक्षा गोल व्हायची आणि मायला ते खपायचं नाही. ती बोटं ह्याच वखारीत गेली होती. तरुणपणी ती इथं प्रेसवर होती. दोर ताणताना हात अडकला. ज्या लोखंडी कडीतून तो दोर जायचा ती कडी नदीच्या बाजूच्या जोत्यात अजून होती, मी तिला पाय लावून अभ्यास करायची. मावशीला वखारीचा राग मात्र नव्हता. नवरा तिला इथंच भेटला होता, तिचं पहिलं पोर इथंच गवताच्या ढिगावर झालं होतं, आणि बोटंही इथलीच. ‘अर्धी मी इथंच हाय,’ असं ती म्हणायची आणि भाकरी उलटायची. वखारीचा इतिहास म्हणून जो काही मला माहीत आहे तो असा, चुलीपुढं बसून, एका हातानं धूर वारत ऐकलेला.

दर बुधवारी परेरासाहेब जेवायला यायचे. हे दमणचे, अण्णांच्या कंपनीत सुपरवायझर, अंगानं भरलेले आणि स्वभावानं मऊ. बुधवारी लखमीमावशी सुक्या बोंबलांची चटणी करायची, तेवढ्यासाठी ते येत. पण बोंबलांबरोबर शेवभाजीही वाढली जाई आणि तिखट तर त्यांना अजिबात सोसायचं नाही. पहिल्या घासाला कपाळावर घाम, दुसऱ्याला डोळ्यांत पाणी, तिसऱ्याला माय न सांगता दह्याची वाटी पुढं सरकवायची. ‘भाभी, पुढल्या बुधवारी थोडं कमी,’ असं ते दर बुधवारी म्हणत. वखारीशी परेरासाहेबांचा जो काही संबंध होता तो एवढा.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी शेठजींनी निरोप पाठवला. वखार पाडायची आहे, जागा एका हॉटेलवाल्याला द्यायची आहे, दिवाळीनंतर दुसरीकडे बघा. माय निरोप ऐकून घेऊन पुन्हा कणीक मळायला बसली, पण मीठ घालायचं विसरली. दुसरीकडे म्हणजे कुठं? एका खोलीत आम्ही मावलो असतो, खाणावळ मावली नसती. आणि खाणावळ ही मायची होती, अण्णांची नव्हे. लग्नानंतर पहिल्यांदाच बाईच्या हाताखाली काहीतरी उभं राहिलं होतं, ज्याच्यावर तिची आणि फक्त तिची सत्ता चालायची. मिशीवाले गडी तिच्यासमोर ताट न घासता उठत नसत. ते सगळं पाडणार म्हणून ती घाबरली होती, आणि मायला घाबरलेली मी तोवर पाहिलेली नव्हती.

अण्णांनी मात्र मान हलवली आणि आमच्या अहिराणीत म्हणाले, ‘मी बघस.’ ह्या दोन शब्दांची आमच्या घरात फार धास्ती होती. अण्णांनी ‘मी बघस’ म्हणून दुरुस्त केलेला रेडिओ पुढं फक्त आकाशवाणीच्या बातम्यांच्या आधीची शिट्टी तेवढी वाजवायचा. त्यांना कंपनीत कळलं होतं, की जुन्या वास्तूंची पाहणी करायला कुणी सरकारी साहेब आले आहेत आणि नदीकाठानं फिरताहेत. दमणला किल्ला आहे, तो कुणी पाडतं का? नाही. का नाही? पोर्तुगीजांचा म्हणून. मग आमच्या वखारीनं काय घोडं मारलंय, असा अण्णांचा युक्तिवाद. मायला तो ऐकताक्षणीच कळला. ती म्हणाली, ‘साहेब उना तं गप बठा. जे शे ते सांगा, नई तं काहीच सांगू नका.’

साहेब आले तो नेमका बुधवार होता. भर दुपार, पंगत बसलेली. साहेब तरुण, उत्तरेकडचे, घामानं डबडबलेले, बरोबर छत्री धरायला एक शिपाई. अण्णांनी त्यांना खुर्ची दिली, ताक दिलं, आणि मग जणू सहज लक्षात आलं अशा थाटात मान वर केली.

‘साहब, ये क्रॉस देखा?’

साहेबांनी वर पाहिलं. झरोक्यांतून ऊन येत होतं. मी इतकी वर्षं त्यांवर बेरजा करत होते. त्या क्षणी माझ्याही डोळ्यांदेखत बेरजेचे क्रूस झाले. साहेब खुर्चीवरून उठले. अण्णांनी त्यांना नदीकडच्या दाराशी नेलं आणि ती कडी दाखवली. ‘जहाज यहाँ बाँधते थे.’ मी मायकडे पाहिलं. ती चुलीपुढं पाठमोरी होती, पण तिच्या मानेवरूनच कळत होतं की तिच्या हातातलं उलथणं आता भाकरीसाठी नाही.

‘किसने बनाया?’ साहेबांनी विचारलं.

इथवर अण्णांची तयारी होती, पुढची नव्हती. त्यांची नजर वखारभर फिरली, टांगलेल्या ताटांवरून, ‘सीताबाई दगडू’वरून, आणि पंगतीच्या टोकाला डोळे पुसत बसलेल्या माणसावर येऊन थांबली.

‘परेरासाब ने,’ अण्णा म्हणाले. ‘मतलब, इनके परदादा ने. बड़े अफसर थे.’

साहेबांनी परेरांकडे पाहिलं. परेरांच्या तोंडात शेवभाजीचा घास होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, बोलता येत नव्हतं. ते भल्या घरचे. भरल्या तोंडानं बोलायचं नाही एवढं त्यांना आईनं शिकवलेलं होतं. म्हणून त्यांनी नुसती मान हलवली. साहेबांना वाटलं, पणजोबांच्या आठवणीनं माणूस गहिवरला.

तेवढ्यात लखमीमावशी उठली. हाताला पीठ, ते पदराला पुसत पुढं आली आणि साहेबांसमोर उभी राहिली. ती कधी कुणा साहेबाशी बोललेली मी पाहिली नव्हती.

‘गवताची वखार हाय ही, साहेब,’ ती म्हणाली. ‘आमी इथं गवत दाबत होतू.’

‘क्या बोल रही है?’

अण्णा क्षणभर थांबले. खरंच थांबले, हे त्यांच्या बाजूनं एवढंच सांगता येईल. मग म्हणाले, ‘कहती है, बहुत पुराना है साहब. इसके दादा के दादा के टाइम का.’

साहेबांनी मावशीला हात जोडले. मावशीला हिंदी येत नव्हती, पण आपण बोललो ते पोचलं नाही एवढं कळायला हिंदी लागत नाही. साहेब गेले. पंगत उठली. परेरासाहेब दही संपवून अण्णांना म्हणाले, ‘अण्णा, आमचे पणजोबा दमणला पाव भाजत होते. वखार कधी बांधली त्यांनी?’

‘पाव भाजून उरेल टाइममां,’ अण्णा म्हणाले, आणि सगळी पंगत हसली. माय हसली नाही. संध्याकाळी मसाला कुटायला बसल्या तेव्हा लखमीमावशीनं मुसळ हातात घेतलं, आपल्या हाताकडे बघितलं आणि अण्णांना शांतपणे विचारलं, ‘मंग माझी बोटं कुणी नेली, अण्णा? परेरानं?’ अण्णा उठून नळ दुरुस्त करायला गेले, जो बिघडलेला नव्हता.

पण थाप चालली. दिवाळी झाली तरी कुणी पाडायला आलं नाही. मग कळलं, की शेठजींना वरून मनाई आली आहे, वखार ऐतिहासिक आहे, तिच्या विटेलाही हात लावायचा नाही. अण्णा खांदे रुंद करून चालायला लागले. मायनंही राग सोडला आणि खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या, सगळ्या पंगतीला. हातावर घेऊन ती पोळी अशी वाढवत न्यायची की कोपरापर्यंत यायची. मिशीवाल्यांनी अण्णांना उचलून वखारीत फिरवलं. परेरासाहेबांना मानाचं पान दिलं, त्या दिवशी त्यांच्या ताटात तिखट काही नव्हतं. फक्त लखमीमावशीनं पोळी घरी बांधून नेली, तिथं खाल्ली नाही. मी तेव्हा त्याचा विचार केला नाही, मला पुरणाची घाई होती.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ही म्हण ज्यानं काढली त्याला आमचे अण्णा माहीत असणार. पोळ्यांची चव जिभेवरून जाते न जाते तोच दोन सरकारी माणसं आली, वखारीला मनाईचा पत्रा ठोकून गेली आणि जाताना मायला समजावून गेली. वास्तू ऐतिहासिक आहे, म्हणून आत राहायचं नाही. आत विस्तव करायचा नाही. चुलीच्या धुरानं भिंती खराब होतात. महिनाअखेर रिकामी करा. माय त्यांचं बोलणं संपेपर्यंत उभी राहिली आणि मग चुलीकडे बघून म्हणाली, ‘वखार वाचनी ना? झालं तं मग.’ एवढंच. तिनं आरडाओरडा केला असता तर अण्णा सुटले असते.

मग अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलायचं ठरवलं. चांगला इस्त्रीचा शर्ट घातला, मला बरोबर घेतलं, बहुधा साक्षीला, आणि त्या साहेबांच्या कचेरीत गेले. सगळं सांगितलं. झरोके हवेसाठी होते, कडी दोराची होती, नदीला तिथं गुडघाभर पाणी असतं, परेरांचे पणजोबा पाववाले. साहेब खुर्चीत मागं रेलून ऐकत होते आणि हसत होते. मग समजुतीनं म्हणाले, ‘घर जा रहा है, इसलिए अब झूठ बोल रहे हो. मैं समझता हूँ.’ अण्णांनी माझ्याकडे बोट केलं, पोरीला विचारा. मी म्हटलं, खरंच गवताची वखार आहे. साहेबांनी मला चॉकलेट दिलं. बाहेर आल्यावर अण्णा पायरीवर बसले आणि शर्टाच्या बाह्या मुडपत राहिले. मला त्यांचा इतका राग आला होता की मी ते चॉकलेट त्यांना अर्धं दिलं नाही, सगळं एकटीनं खाल्लं. माणसानं थाप मारली तर हातोहात खपली आणि खरं बोलला तर कुणी फुकट घेईना, ह्याचा राग मला अजून आहे. फक्त आता तो अण्णांवर नाही. कुणावर आहे ते सांगता येत नाही, म्हणून जास्त त्रास होतो.

आम्ही अथालकडे एका चाळीत गेलो. खाणावळ मोडली. माणसं आपापली ताटं घेऊन गेली, जाताना पाया पडली, एकानं तर रडूनच घेतलं. मायनं पुढं प्लास्टिकच्या कंपनीत पॅकिंगचं काम धरलं आणि सेवानिवृत्त होईपर्यंत केलं. तिथं तिच्या हाताखाली कुणी नव्हतं, तिच्यावरच चौघं होते. लखमीमावशी काही दिवस चाळीत भाकरी थापायला म्हणून आली, पण थापायला भाकऱ्याच नव्हत्या. मग तिचं येणं थांबलं. सगळं सामान हलवलं, एक उखळ तेवढं राहिलं. अण्णांनी ते इतकं पक्कं बसवलं होतं की पहारीनंही हललं नाही. त्यांच्या हातचं तेवढंच एक काम धड टिकलं.

मी सिल्वासातच राहिले, शाळेत शिकवलं, पोरं मोठी केली. वखार मधे कित्येक वर्षं कुलूप लावून पडून होती, तिच्यात कुत्री व्यायची. अलीकडे नदीकाठ सुधारला तेव्हा तिचं भाग्य उजळलं. पाटी लागल्यावर मी एका कचेरीत जाऊन आले, म्हटलं आता तरी दुरुस्त करा. टेबलामागचा पोरगा सभ्य होता, त्यानं बसायला सांगितलं आणि पुरावा विचारला. मी म्हटलं, परेरांचा तुमच्याकडे काय पुरावा आहे? त्यानं संगणकात बघून सांगितलं, ‘मॅडम, ही माहिती एका जुन्या स्थानिक रहिवाशानं स्वतः दिलेली आहे.’

‘तो रहिवासी माझा बाप होता,’ मी म्हटलं.

‘अरे वा,’ तो म्हणाला. ‘मग तर बरोबरच असणार.’

नंतर मी घरी येऊन हे सगळं मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, आई, सोड ना, काय फरक पडतो? काय फरक पडतो हे मला दोन वाक्यांत सांगता आलं असतं तर हे प्रकरण लिहायला बसले नसते.

परवा पुन्हा गेले. पिशवीत डबा होता, कळण्याची भाकरी आणि ठेचा, नदीकाठी बसून खावं म्हणून. दारावरच्या गार्डनं डबा बाहेर ठेवून घेतला, खाण्याचं आत नेता येत नाही म्हणाला. जिथं मायनं अख्ख्या कंपनीच्या पाळीला जेवू घातलं तिथं भाकरी नेता येत नाही. भांडायची माझी तयारी होती, पण त्याचा एक शब्द कानाला ओळखीचा लागला, म्हणून थांबले. तिशी ओलांडलेला, शिरपूरकडचा निघाला. मी अहिराणीत बोलले तशी त्याची मान सैल झाली. गर्दी नव्हती, तर तोही माझ्या मागोमाग आत आला.

आत गार होतं, रिकामं होतं, भिंतींवर पिवळे दिवे सोडलेले. आणि मधोमध, चारी बाजूंनी लाल दोरी लावून, मायचं उखळ. त्याच्यापुढं छोटी पाटी: बंदुकीची दारू कुटण्याचं पात्र, पोर्तुगीज काळ. हे अण्णांनीसुद्धा सांगितलं नव्हतं. थापेला पुढं पिल्लं झाली होती.

‘इथं आमी मिरच्या कुटायचो,’ मी त्याला म्हटलं. ‘मन्ही माय आनि लखमीमावशी.’

तो हळूच म्हणाला, ‘असं उखय मन्ही मायना घर बी शे. मी बी म्हने, दारू कसाले कुटतीन यामां.’

‘मग सांगत का नाही लोकांना?’

‘मले कोन इचारस?’ तो म्हणाला. मग इकडेतिकडे बघून त्यानं दोरीची एक कडी सोडली. ‘हात लावी घ्या, माय. कोनी नई शे.’

मी वाकले, गुडघे कुरकुरले, आणि हात आत घातला. तळाला खोलगा पडला होता, एका बाजूला जास्त. ती लखमीमावशीची बाजू. तीन बोटांनी मुसळ धरलं की घाव तिरका पडतो, माय तिला रोज म्हणायची, सरळ मार ना बाई. मी तिथं बोटं टेकवली. इतक्या वर्षांत कुणी मला पुरावा विचारला की माझ्याकडे दाखवायला काही नसायचं, आणि तो इथं होता, दोरीच्या आत.

बाहेरून बोलण्याचा आवाज आला. गार्डनं घाईघाईनं मागं सरकून टोपी नीट केली. एक गाइड मुलगी नाशिकहून आलेल्या लोकांचा घोळका घेऊन आत शिरली. तिनं हात वर करून झरोके दाखवले. म्हणाली, हे क्रॉस पाहिलेत? मग दाराशी नेऊन कडी दाखवली, जहाजं इथं बांधत. मग जरा थांबून, बरोबर अण्णा थांबले होते तेवढंच थांबून, परेरासाहेबांचं नाव घेतलं. मोठे अधिकारी होते. लोक माना वर करून बघत होते, कुणी फोन काढत होते.

घोळक्यातल्या एका बाईनं विचारलं, ‘आणि इथं राहायचं कोण?’

‘राहायचं कोणी नाही,’ गाइड म्हणाली. ‘गोदाम होतं ना. फक्त माल असायचा.’

‘मी,’ मी म्हटलं. ‘मी राहत होते इथं.’

सगळ्यांनी वळून पाहिलं. माझा हात अजून उखळातच होता. गाइड मुलगी गोड हसली, माझ्या नातीच्या वयाची असेल.

‘आजी,’ ती म्हणाली, ‘जरा दोरीच्या बाहेर येता का? फोटोत येताय तुम्ही.’